नदीच्या कामासाठी निधी-सल्लागार नेमताना

नदीच्या पुनरुज्जीवनाचं काम करणाऱ्या छोट्या संस्था साधारण एकाच वळणावर येऊन अडतात. दोन-तीन उन्हाळे श्रमदान झालेलं असतं, जिल्हा पुरवणीत बातमी छापून आलेली असते, तहसीलदार एकदा येऊन फावडं हातात घेऊन गेलेले असतात. मग पुढच्या टप्प्याचा अंदाज निघतो ४० लाखांचा आणि बँकेत असतात साठ-सत्तर हजार. अशा वेळी बैठकीत कुणीतरी म्हणतं, “माझ्या ओळखीचे एक आहेत, सीएसआरचे पैसे आणून देतात. मिळाले तर दहा टक्के, नाही मिळाले तर काही नाही.”

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी कायद्याप्रमाणे सामाजिक कामावर करायचा खर्च. ऐकायला हा व्यवहार सोयीचा वाटतो, कारण आज खिशातून काहीच जात नाही. पण अशा व्यवहारात काय काय दडलेलं असतं आणि सल्लागार नेमायचाच तर कसा, हे नीट समजून घ्यायला हवं. त्यासाठी आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. सल्लागार पैसे आणत नाही. तो स्थळ सुचवतो, पत्रिका नीट लिहून देतो, समोरच्या घरी काय विचारतील ते सांगून ठेवतो. बोलणी तुम्हालाच करावी लागतात आणि संसारही तुम्हालाच. देणगीदाराला नदीकाठी उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाशी बोलायचं असतं. जो सल्लागार म्हणतो, “तुम्ही फक्त सह्या करा, बाकी मी बघतो,” त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

मग तो करतो काय? चांगला सल्लागार पहिल्यांदा तुमची कागदपत्रं तपासतो. दुसरं, तुमच्या डोक्यातलं काम देणगीदाराला कळेल अशा प्रस्तावात आणि अंदाजपत्रकात बसवतो. तिसरं, कुणाकडे जायचं आणि कुणाकडे जाऊन वेळ घालवायचा नाही, याची यादी करतो. पैसे आल्यावर अहवाल कसे द्यायचे याची घडी बसवून देतो. यातलं तिसरं काम सर्वांत मोलाचं. “आमच्या दोनशे कंपन्यांशी ओळखी आहेत” असं सांगणाऱ्यापेक्षा “तुमच्या कामासाठी या सहाच जागा आहेत आणि त्यातल्या दोन यंदा नाहीत” असं सांगणारा माणूस बरा.

टक्केवारीत काय बिघडतं

४० लाखांचा प्रकल्प कंपनीने मंजूर केला असं समजा. दहा टक्के म्हणजे ४ लाख, आणि सल्लागार जीएसटी नोंदणीकृत असेल तर वर १८ टक्क्यांचे ७२ हजार. हे पावणेपाच लाख कुठून द्यायचे? कंपनीने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकात यंत्राचे तास असतात, डिझेल असतं, रोपं, कुंपण, देखरेखीचा माणूस असतो. ‘पैसे आणणाऱ्याचं कमिशन’ असा रकाना नसतो आणि लिहिला तर कुठलीही कंपनी तो खोडेल. मग सुरू होते ती ओढाताण: यंत्र चाललं ३०० तास, बिल ३६० तासांचं. त्या बिलावर विश्वस्ताची सही असते, विनियोग प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले त्याच्या दाखल्यावर, सीएची. आणि सीएसआर नियमांप्रमाणे पैसे मंजूर कामावर, मंजूर पद्धतीनेच खर्च झाले, हे कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावं लागतं. म्हणजे एका तोंडी कबुलीसाठी तीन ठिकाणी खोट्या सह्या. सल्लागाराची सही यात कुठेच नसते.

हे टाळलं तरी टक्केवारीचा कल चुकीचाच राहतो. काम १५ लाखांत होणार असेल तर टक्केवारीवरचा माणूस ५० लाखांचा प्रस्ताव लिहील. त्याचा फायदा तिकडे आहे. तुमच्या गावचाच उद्योजक, जो फोन केला असता तरी पाच लाख देणार होता, त्याच्याही रकमेवर हा हक्क सांगेल. आणि ज्या देणगीदाराशी संबंध जुळायला दोन वर्षं लागतात त्याच्यामागे तो जाणारच नाही.

अमेरिकेतल्या असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या निधी-व्यावसायिकांच्या संघटनेच्या आचारसंहितेत टक्केवारीवर किंवा ‘गाठ घालून दिली’ म्हणून मोबदला घ्यायला सदस्यांना स्पष्ट मनाई आहे. ती संहिता आपल्याकडे बंधनकारक नाही. पण सल्लागाराला तिच्याबद्दल विचारून पाहा. उत्तरावरून माणूस कळतो.

इथे एक आकडा सारखा कानावर येतो: “सीएसआरमध्ये पाच टक्के प्रशासकीय खर्च चालतो, त्यात बसवू.” बसत नाही. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीने आपल्या सीएसआर कामकाजावर केलेल्या कार्यालयीन खर्चाची आहे, तुमच्या संस्थेच्या खर्चाची नव्हे. परदेशी निधीचा हिशेब वेगळा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेल्या रकमेतून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच करता येतो (आधी ही मर्यादा ५० टक्के होती), आणि व्यावसायिक फी त्या २० टक्क्यांतच मोजली जाते. तिथे आधीच हिशेबनीस आणि कार्यालयाचं भाडं दाटीवाटीने बसलेलं असतं.

फी द्यायची ती कामाची. टप्पे पाडून किंवा दिवसांच्या हिशेबाने, लेखी ठरवून, आणि पैसे मिळोत न मिळोत. “न मिळाले तरी द्यायचे?” हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. हो, द्यायचे. वकील खटला हरला तरी फी घेतोच की. ही रक्कम संस्थेच्या मोकळ्या देणग्यांतून काढावी, नाहीतर एखाद्या हितचिंतकाकडे उघडपणे त्याच कामासाठी मागावी: “आम्हाला प्रस्ताव तयार करायला माणूस नेमायचा आहे, त्याची फी तुम्ही द्याल का?” अशी मागणी करायला लोक लाजतात. पण ज्याने स्वतः धंदा उभा केला आहे त्याला ती चटकन समजते.

नदीचं पंचांग आणि कंपनीचं पंचांग

बाकी कुठल्याही सामाजिक कामाच्या सल्लागाराला ठाऊक नसते आणि नदीच्या कामात ज्यावर सगळं अडतं, ती गोष्ट म्हणजे वेळापत्रक.

सीएसआरचा कायदा थोडक्यात असा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. कोणती कामं चालतील याची यादी सातव्या अनुसूचीत आहे. पर्यावरण, नैसर्गिक साधनांचं संवर्धन, माती-हवा-पाण्याची गुणवत्ता हे सगळं तिच्यात आहे. म्हणजे नदी बसते. अडचण अशी की कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. वार्षिक आराखडा साधारण एप्रिल ते जूनमध्ये ठरतो. वर्षअखेरीस रक्कम शिल्लक राहिली की फेब्रुवारी-मार्चमध्ये फोन येतात: “पंधरा दिवसांत खर्च होईल असं काही आहे का?”

नदीचं वर्ष वेगळं. जून ते सप्टेंबर पात्रात हात लावता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बऱ्याच नद्यांना अजून धार असते. तो काळ पाहणीचा: ओढे कुठे मिळतात, सांडपाणी कुठे मिसळतं, काठ कुठे कोसळला, कोणता डोह अजून तग धरून आहे. पात्रातलं आणि काठाचं मातीकाम जानेवारीपासून मेअखेरपर्यंत. लागवड पहिल्या पावसावर. म्हणजे कामाचे सर्वांत मोकळे दोन महिने, एप्रिल आणि मे, पुढच्या आर्थिक वर्षात जातात.

मग पैसे डिसेंबरात आले तर ३१ मार्चला काम अर्धं झालेलं असतं आणि कंपनी म्हणते खर्च दाखवा. यावर कायद्यातच वाट आहे. कंपनीच्या संचालक मंडळाने प्रकल्पाला ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ म्हणून मंजुरी दिली तर उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येते. असा प्रकल्प सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालू शकतो. तसं मंजूर नसेल तर अखर्चित रक्कम वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत कायद्याने ठरवलेल्या सरकारी निधीत जाते. तेव्हा हे प्रस्तावाच्या पहिल्या पानावरच मागायचं असतं. मुलाखतीला आलेल्या सल्लागाराला एवढंच विचारा: “आमचं काम एप्रिल-मेमध्ये असतं, मग मार्चअखेरचं काय करायचं?” ज्याला हा प्रश्नच कळला नाही, त्याने शाळांना बेंच आणि संगणक मिळवून दिले असतील, उत्तम काम आहे, पण नदीसाठी दुसरा माणूस शोधा.

देणगीदाराला मोजता येईल असं काही, आणि नदी

माझी खरी तक्रार इथे आहे. देणगीदाराला आकडा हवा असतो आणि नदीच्या कामात सर्वांत सोपा आकडा निघतो खोदाईचा: इतके घनमीटर गाळ काढला, इतके किलोमीटर पात्र रुंद केलं. फोटोही छान येतो. पिवळं यंत्र, झेंडा, नारळ. म्हणून अननुभवी सल्लागाराच्या हातात दिलेला प्रत्येक प्रस्ताव हळूहळू खोलीकरणाचा प्रस्ताव होतो. गाळ काढणं कधी कधी आवश्यकच असतं. जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणकरांनी वाशिष्ठीतला गाळ काढावा म्हणून आंदोलन केलं, ते उगाच नाही. पण सरसकट खोदलं तर वाळूचा थर जातो, काठच्या विहिरींचं पाणी उतरतं, डोह आणि उथळ धारा यांचा फरक पुसला जातो, वाळुंज-करंज-उंबर धरून ठेवत होते तो काठ उघडा पडतो. वरच्या बाजूची माती अडवली नसेल तर दोन पावसाळ्यांत गाळ परत येतो, आणि पुन्हा तोच प्रस्ताव.

दुसरं टोक सांडपाण्याचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे नोंदवले आहेत, त्यातले ५५ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. हे पट्टे गाळामुळे प्रदूषित ठरलेले नाहीत. मंडळ पाण्यातला बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजायला किती ऑक्सिजन लागतो ते मोजतं, आणि तो वाढतो न शुद्ध केलेल्या मैल्याने आणि कारखान्यांच्या पाण्याने. तुमच्या नदीत नगरपरिषदेचे चार नाले येत असतील तर ते पाणी शुद्ध करणं ही नगरपरिषदेची जबाबदारी आहे. देणगीतून प्रक्रिया केंद्र बांधता आलं तरी पुढची वीस वर्षं त्याचं वीजबिल कोण भरणार? अशा ठिकाणी प्रामाणिक सल्लागार सांगतो की हे काम निधी मागून होणारं नाही; इथे पाणी तपासणीचे अहवाल, पाठपुरावा आणि प्रसंगी हरित लवादाचं दार लागेल. हे वाक्य त्याच्या फीच्या विरुद्ध जातं, म्हणूनच ते विश्वासाचं.

मोजता येण्याजोगं आणि तरी नदीच्या हिताचं असंही पुष्कळ असतं: ठरलेल्या विहिरींची पावसाळ्याआधी आणि नंतरची पातळी, धार किती तारखेपर्यंत टिकली, ठरलेल्या जागी दर महिन्याचा बीओडी, तिसऱ्या उन्हाळ्यात जगलेली झाडं. लावलेली झाडं नव्हे, जगलेली. सल्लागाराने देणगीदाराला हे आकडे विकत घ्यायला लावले पाहिजेत. त्यासाठी त्याने एकदा तरी उगमापासून पायी चाललेलं असावं. करारातच तसं लिहा.

सगळंच पैशात मागायचं नसतं, हेही त्याला कळायला हवं. २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेने यंत्रं दिली आणि डिझेलचा खर्च सरकारने उचलला. छत्रपती संभाजीनगरच्या खाम नदीवर महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक कंपनी आणि इकोसत्त्व संस्था एकत्र आल्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं, त्याच उन्हाळ्यात ‘जलयुक्त लातूर’साठी लोकांनी वर्गणी काढली आणि मांजरेच्या पात्रात काम सुरू झालं. लोकवर्गणीत तर सल्लागाराचं कामच नाही. माणूस वर्गणी देतो ती समोरच्या चेहऱ्याकडे पाहून. मात्र गावाने किती दिले हे प्रस्तावात ठळक लिहिणं, आणि श्रमदानाची किंमत मांडून दाखवणं, हे त्याचं काम.

नेमण्याआधी घरातलं आवरा

नदी तुमच्या मालकीची नाही, त्यामुळे देणगीदाराचा वकील पहिल्यांदा परवानग्या मागतो. जलसंपदा विभागाचं पत्र, ग्रामसभेचे ठराव, गाळ उचलून शेतात न्यायचा तर महसूल खात्याची मान्यता, शहराजवळ असाल तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते त्याचा नकाशा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बाक, पायवाटा, भिंती बांधायचं स्वप्न कुणी प्रस्तावात रंगवलं असेल तर ते आधी काढा.

संस्थेचे कागद: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि बदल अर्ज, म्हणजे आत्ताचे विश्वस्त खरोखर कागदावर आहेत का, तीन वर्षांचं ऑडिट, १२ए आणि ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या, ज्या आता कायमच्या नसून मुदतीच्या झाल्या आहेत, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा संस्थेचा क्रमांक, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआरचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला लागणारा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक. यातलं निम्मं नसेल तर सल्लागाराला आत्ता पैसे देऊ नका, सीएला द्या.

परदेशातल्या आप्तेष्टांचं काय, हे विचारलं जातंच. अमेरिकेत किंवा आखातात असलेला गावचा मुलगा भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, हातात ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी. मग एफसीआरए नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं हवं. त्या नोंदणीसाठी साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या काळात मुख्य कामावर १५ लाख खर्च केलेली असावी लागते. मंडळाच्या गणेशोत्सवात कुणी डॉलरमध्ये चेक दिला म्हणून तो हौसेने बँकेत भरायचा नसतो.

करारात काय असावं

कामाची व्याप्ती, टप्पे, तारखा, फी, प्रवासखर्च, कर. आणि या चार गोष्टी, ज्या हमखास राहतात.

देणगी संस्थेच्याच खात्यात जमा होईल; सल्लागाराच्या किंवा त्याच्या ‘फाउंडेशन’च्या खात्यातून फिरून येणार नाही.

देणगीदारांची यादी, प्रस्ताव, नकाशे, फोटो संस्थेच्या मालकीचे. करार संपला की मूळ फाइलींसह परत.

सल्लागार एकाच वेळी कुणाकुणासाठी काम करतो हे त्याने लिहून द्यावं. एकाच कंपनीच्या दारात तो तुमच्या आणि शेजारच्या तालुक्याच्या नदीचे प्रस्ताव एकाच आठवड्यात ठेवणार असेल तर ते आधी कळलेलं बरं.

चौथी गोष्ट क्षुल्लक वाटते आणि सर्वांत जास्त छळते. पोर्टलवरची प्रत्येक नोंदणी संस्थेच्या ईमेलवर आणि एखाद्या विश्वस्ताच्या मोबाइल क्रमांकावर करा, सल्लागाराच्या नव्हे. डिजिटल सहीची पेनड्राइव्ह संस्थेच्या कपाटात ठेवा. संबंध बिघडले की ओटीपी भलत्याच फोनवर जातो आणि आयकर पोर्टलचा पासवर्ड बदलण्यासाठी संस्था सहा महिने हेलपाटे घालते.

संदर्भ तपासताना यशाच्या कहाण्या ऐकू नका. जिथे पैसे मिळाले नाहीत अशा एका संस्थेचा नंबर मागा आणि तिथल्या सचिवांना विचारा, “यांनी तुम्हाला वेळेत सांगितलं का, की हे जमणार नाही?”

पहिला करार वर्षभराचा करू नका. सहा ते आठ आठवड्यांचं एकच काम द्या: कागद तपासणे, नदी चालणे, पाच-सात संभाव्य देणगीदारांशी बोलून अंदाज घेणे आणि दहा पानांत लिहून देणे की किती निधी, कुणाकडून, कोणत्या महिन्यात मागता येईल. त्या दहा पानांत “यंदा मागू नका, आधी ऑडिट पूर्ण करा आणि दोन ग्रामसभांचे ठराव घ्या” असंही निघू शकतं. तसं निघालं तरी बिल आलं की टीडीएस कापून ठरलेली रक्कम महिन्याच्या आत देऊन टाका, म्हणजे पुढच्या वर्षी तोच माणूस फोन उचलेल.